पोच न दिलेले निरोप

कोठारा जिल्ह्याच्या उष्माकक्षातला सर्व्हर त्या दुपारी पुन्हा मुका झाला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी कल्याणी गौरकारकडे पाहिलं.

"झालं?" कक्षप्रमुख देशकर खुर्चीतून न उठताच ओरडले. "काल काय म्हणाला होतात? आता होणार नाही सर! चार दिवसांपासून हेच ऐकून राहिलो मी."

कल्याणीनं पडद्याकडे बोट केलं. तिच्या पडद्यावर मेमरीची पट्टी लाल रेषेला टेकून थांबली होती. समोरच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. भर मे महिन्यात दुपारी त्यावर ठिकठिकाणी दिवे लुकलुकायला हवे होते. आज तो शांत होता, आणि ती शांतता खोटी आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"रीस्टार्ट करा," देशकर म्हणाले.

"साहेब, रीस्टार्टनं काही तास निघतात. कारण सापडत नाही."

"कारण नंतर शोधा. पगार कशाचा घेता?"

काही वर्षांपूर्वी लागलेला एक शोध या सगळ्याच्या मुळाशी होता. उष्माघात माणसाला अचानक गाठतो असं वाटतं, पण शरीर त्याच्या आधीपासून सांगत असतं. घामातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, कातडीखालच्या रक्ताचा वेग बदलतो, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर नेहमी थोडं कमीजास्त असतं ते एकसारखं होऊ लागतं. या तिन्ही गोष्टी एकत्र मोजल्या, तर माणूस कोसळण्याच्या सुमारे वीस मिनिटं आधी कळतं की हा आता कोसळणार. त्यातून दंडाला बांधायची पट्टी निघाली. लोक तिला घामपट्टी म्हणू लागले. ती हिरवी असते, धोका दिसला की लाल होते आणि निरोप धाडते. मग कायदा आला: उन्हात राबणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला घामपट्टी हवी. निरोप जिल्ह्याच्या सर्व्हरवर येणार, सर्व्हर तो मालकाच्या कॉम्प्युटरला देणार, आणि निरोप मिळाल्याची पोच मालकानं दिली की त्या क्षणापासून दहा मिनिटांत त्या माणसाला थंडघरात हलवायचं आणि त्या जागेचं काम थांबवायचं. मालक छोटा असेल, कॉम्प्युटर नसेल, तर सरकारी बचावपथकाची गाडी जायची.

कल्याणीकडे होता तो या निरोपांची रांग सांभाळणारा सर्व्हर. त्याचं काम पोस्टाच्या खिडकीसारखं. येईल तो निरोप घ्यायचा, ज्याचा त्याला द्यायचा. पण दिल्यावरही तो आपली प्रत टाकून देत नाही. समोरून पोच येईपर्यंत ती मेमरीत धरून ठेवतो. मधेच कोणाची वीज गेली तर निरोप हरवू नये म्हणून. आणि मेमरी भरत आली, की आपण कोसळू नये यासाठी तो एकच गोष्ट करतो. नवे निरोप घेणं बंद करतो. दारावर कितीही थापा पडोत, उघडत नाही.

काल तो बंद असताना नदीकाठच्या एका वीटभट्टीवर कांता उईके नावाची बाई गेली.

तिचा नवरा शालिक सकाळपासून उष्माकक्षाच्या व्हरांड्यात उभा होता. त्याला कोणी हाकललं नव्हतं आणि कोणी बसायलाही सांगितलं नव्हतं. कल्याणी पाणी भरायला बाहेर आली तेव्हा तो आडवा आला.

"तुमीच का त्या मशीनवाल्या?"

"हो."

"तिची पट्टी लाल झाली होती. मी पाहिली न डोळ्यानं. बाजूला कालवा आहे, उचलून नेली असती तर पाण्यात बसवली असती. पण मनात म्हटलं, लाल झाली म्हणजे निरोप गेला. गाडी येईल. तुमच्याच लोकायनं शिकवलं होतं, लाल झाली की हलवायचं नाही, गाडीची वाट पाहायची." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुठं गेला तो निरोप?"

"आमच्यापर्यंत आला, पण घेतला गेला नाही."

"काहून?"

"ते शोधतेय मी."

"शोधा," शालिक म्हणाला, आणि तिच्या पायाशी थुंकला.

कल्याणी बाटली न भरताच आत आली. देशकरांनी "रीस्टार्ट केलं का?" म्हणून हाक मारली, ती तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली. चार दिवस तिनं सर्व्हरकडे एक आजारी यंत्र म्हणून पाहिलं होतं. मेमरी वाढवून मागितली, ती मिळाली नाही. गळती आहे का पाहिलं, ती नव्हती. आता तिनं वेगळा प्रश्न विचारला. मेमरी कोण खातंय हे नको, मेमरीत नेमकं काय आहे?

एकेका मालकाची रांग तिनं उघडली. प्रत्येक रांगेचे दोन भाग असतात: अजून द्यायचे निरोप, आणि दिलेले पण पोच न आलेले. वीटभट्ट्या, रस्त्यांची कामं, संत्र्याच्या बागा, सगळीकडे दुसरा भाग जवळपास रिकामा होता. मग तिनं सातवाटा मिनरल्स या उघड्या कोळसाखाणीची रांग उघडली, आणि हात कीबोर्डवरच राहिला. द्यायचे निरोप एकही नव्हते. दिलेले आणि पोच न आलेले मात्र इतके, की सर्व्हरची बहुतेक सगळी मेमरी त्यांनीच व्यापली होती. लाल झालेली पट्टी दर काही सेकंदांनी नवा निरोप धाडते, सोबत हृदयाचा आलेखही जोडते. असे जड निरोप खाणीचा कॉम्प्युटर भराभर उचलत होता आणि गप्प बसत होता.

मग तिच्या लक्षात आलं की आपण रीस्टार्ट करत होतो म्हणजे काय करत होतो. वेगासाठी हे निरोप डिस्कवर लिहायचे नाहीत असं टेंडरच्या वेळीच ठरलं होतं. रीस्टार्ट केला की पोच न आलेला सगळा ढीग पुसला जायचा. मेमरी मोकळी व्हायची ती त्यामुळे.

सातवाटाचा निरोप घेणारा प्रोग्राम निशिकांतनं लिहिला होता. निशिकांत तिचा नवरा. खाणीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर विभाग बघायचा. गेल्या वर्षभरात घरात त्यांचं बोलणं गॅस, वीज आणि दाराच्या किल्लीपुरतं उरलं होतं. तिनं फोन लावला.

"बोल," तो म्हणाला.

"तुमचा प्रोग्राम निरोप उचलतो, पोच देत नाही."

"तुमचा सर्व्हर लंगडा आहे ते आमच्यावर ढकलू नको. अख्ख्या जिल्ह्यात बोंब आहे तुमच्या नावानं."

"तुमची रांग समोर उघडून बसलेय मी, निशिकांत."

तो सावकाश, शाळेतल्या मुलीला समजावल्यासारखा बोलला. "पोच जाते. पट्टी हिरवी झाली की जाते. माणूस सावलीत बसला, पाणी प्याला, अंग निवलं, की आम्ही पोच देतो. दहा मिनिटं तिथून सुरू, आणि तोवर तो बरा झालेला असतो. सगळं नियमात. निरोप आल्यावर किती वेळात पोच द्यायची ते कायद्यात कुठंच नाही. मी वाचलाय कायदा. तू वाचलास?"

"आणि जो हिरवा होत नाही?"

"कल्याणी, ऑफिसच्या वेळात..."

"जो हिरवाच होत नाही त्याचं काय?"

त्यानं फोन ठेवला.

तिनं तो ढीग पुन्हा उघडला. ढिगातल्या प्रत्येक निरोपापाशी एक माणूस होता, आणि तो निरोप खाणीच्या ऑफिसात उघडून वाचला गेला होता. हे बिघडलेलं यंत्र नव्हतं. कोणीतरी ठरवून न ऐकल्याचं सोंग केलं होतं, आणि त्या सोंगाच्या वजनाखाली कांता उईकेचा निरोप दाराबाहेर राहिला होता.

देशकर आतल्या केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा घामानं डबडबला होता. "सातवाटाच्या मॅनेजरांचा फोन होता. तुम्ही त्यांच्या लोकांना धमक्या देऊन राहिल्या म्हणे?"

"साहेब, त्यांच्यामुळे मेमरी भरते." तिनं थोडक्यात सांगितलं.

देशकरांनी ऐकून घेतलं. त्यांना ते समजलं हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि समजल्यावर त्यांना काय हवंय तेही. "मग त्यांची रांग डिलीट करा. बाकी जिल्हा तरी चालू होईल."

"ते जिवंत माणसांचे निरोप आहेत."

"जिवंत आहेत की नाही, तुम्हाला काय माहीत?"

हे बोलून ते स्वतःच क्षणभर दचकले. मग आणखी मोठ्यानं म्हणाले, "डिलीट करा! ही ऑर्डर आहे."

कल्याणी पडद्याकडे वळली. दिलेले निरोप पुसायचे तर आधी घेणाऱ्याचं कनेक्शन तोडावं लागतं, आणि ते तोडलं की पोच न आलेले सगळे निरोप परत रांगेत येऊन उभे राहतात. कोणीतरी पुन्हा घ्यावेत म्हणून. तिनं सातवाटाचं कनेक्शन तोडलं. ढीग परत रांगेत आला. इथून पुढं दोनच वाटा होत्या. रांग पुसायची, किंवा निरोप दुसऱ्या कोणीतरी घ्यायचे. घ्यायचे म्हणजे पोच द्यायची; त्याशिवाय मेमरी सुटणार नव्हती. आणि जो पोच देईल, दहा मिनिटं त्याच्या नावावर सुरू होणार होती.

"काय करून राहिल्या तुम्ही?" देशकर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "ही पोच कोणाच्या नावानं जाईल?"

"माझ्या."

"गौरकार, कक्षाला यात ओढायचं नाही! सांगून ठेवतो!"

"म्हणूनच म्हटलं, माझ्या," ती म्हणाली, आणि स्वतःच्या लॉगिननं निरोप घ्यायला सुरुवात केली.

मेमरीची पट्टी लाल रेषेवरून खाली सरकली. सर्व्हरनं दार उघडलं. भिंतीवरचा नकाशा एकदम पेटला. भट्ट्या, पुलाचं बांधकाम, बाजारसमितीचं आवार. बचावपथकाच्या टेबलावरचे फोन खणखणू लागले आणि गाड्या सुटू लागल्या. त्या दुपारी त्या गाड्यांनी किती जणांना उचललं हे कल्याणीला नंतर कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ती एकाच ठिकाणाकडे पाहत होती. खाणीच्या हद्दीतले लाल ठिपके खाणीत पसरलेले नव्हतेच. वजनकाट्यामागच्या एका शेडमध्ये ते एकावर एक साचले होते.

बचावपथकाची डॉक्टर नाझनीन शेख तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "हे काय आहे?"

"टिनाचं शेड. लाल झालेल्यांना तिथं नेऊन टाकत असणार, हिरवे होईपर्यंत. निशिकांत सावली म्हणाला ती हीच."

"टिनाच्या शेडमध्ये कोण हिरवं होतं?" नाझनीन म्हणाली. "चल."

खाण शहराला लागूनच होती. गाडी निघाली तेव्हा व्हरांड्यातला शालिक बाजूला झाला. कल्याणीला वाटलं त्याला काही सांगावं. पण त्याच्या नजरेत ऐकून घ्यायची जागा नव्हती.

खाणीच्या गेटवर आडवा दांडा होता आणि त्याच्यापुढे दोन गार्ड. परवानगीशिवाय आत नाही म्हणाले. नाझनीन त्यांच्याशी वाद घालत असतानाच निशिकांत ऑफिसातून चालत आला. गळ्यात ओळखपत्र, शर्टाला इस्त्री.

"तू इथं काय करून राहिली?"

"शेडमध्ये किती लोक आहेत?"

"ते कंत्राटदाराचं शेड आहे. माझा संबंध नाही."

"तुला पडद्यावर दिसतात ते."

"मला आकडे दिसतात, कल्याणी. माणसं दिसत नाहीत." तो जवळ आला, आवाज दाबून बोलला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या नोकरीवर घराचे हप्ते चालतात. तुझ्या आईचं औषध चालतं. तुझ्या त्या सरकारी खुर्चीवर काय चालतं?"

"दांडा वर कर."

"नाही करत."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. लग्न झालं तेव्हा तो रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा होता, हे तिला त्या क्षणी आठवायला नको होतं. आठवलं, आणि राग दुप्पट झाला. तिच्यामागे नाझनीन ड्रायव्हरला म्हणाली, "घाला गाडी." दांडा मोडल्याचा आवाज फटाक्यासारखा झाला. गार्डांनी बाजूला उड्या टाकल्या.

शेडचं दार उघडताच आतून भट्टीसारखी झळ आली. ओल्या पोत्यांवर माणसं आडवी टाकली होती. पोती केव्हाच वाळली होती. कोपऱ्यात एक पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. दंडांवर लाल पट्ट्या. एक जण बरळत होता, बायकोला की बहिणीला कोण जाणे, दार लाव दार लाव म्हणत होता. नाझनीनची माणसं बर्फाच्या पिशव्या घेऊन आत घुसली. कल्याणीला कोणी काही सांगितलं नाही, पण तिनं त्या बरळणाऱ्या माणसाच्या काखेत बर्फ दाबून धरला. नंतर कळलं, त्याचं नाव देवाजी निमगडे. त्याच्या शेजारी बंडू टेकाम होता. नाझनीननं त्याच्या मानेला बोटं लावली, डोळे उघडून पाहिले, आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

निशिकांत दारात उभा होता. त्यानं आत पाऊल टाकलं नाही. "हे मला कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, पण कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

कल्याणी त्या दिवसानंतर घरी राहायला गेली नाही. कपडे आणायला गेली तेव्हा निशिकांत ऑफिसात होता. आईला घेऊन ती भाड्याच्या खोलीत राहू लागली.

चौकशी हिवाळ्यात लागली. हॉलमधले पंखे बंद होते आणि चौकशी अधिकाऱ्यांनी अंगावर शाल घेतली होती. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. कायद्यानं जबाबदारी पोच दिल्यापासून सुरू होते. त्या निरोपांची पोच कंपनीनं दिलेलीच नाही. मग कोणी दिली?

"तुम्ही दिलीत?" अधिकाऱ्यांनी कल्याणीला विचारलं.

"हो."

"त्यात बंडू टेकामचा निरोप होता?"

"होता."

"दहा मिनिटांत त्यांना थंडघरात हलवलं गेलं?"

"नाही. आम्ही गेटवर होतो. आणि ते त्याआधीच..."

"हो की नाही एवढंच सांगा."

"नाही."

मग निशिकांतची साक्ष झाली. तो तिच्याकडे न बघता बोलला. कनेक्शन उष्माकक्षानं एकतर्फी तोडलं. त्यानंतर खाणीच्या प्रोग्रामला त्या कामगारांची स्थिती कळायचा मार्ग उरला नाही.

"तुमचा प्रोग्राम ते निरोप उघडत होता?"

"उघडत होता."

"म्हणजे वाचत होता?"

"प्रोग्राम वाचत नाही साहेब. मोजतो." त्याच्या तोंडून वाक्य आलं तेव्हा वकिलांनी मान डोलावली. पाठ केलेलं होतं. निशिकांतनं पाणी प्यायलं, आणि पेला खाली ठेवताना तो टेबलाच्या कडेवर आपटला.

कंपनीला ताकीद मिळाली. कायद्यात पोच देण्याची मुदत घालावी अशी शिफारस झाली. ती कुठल्याशा समितीकडे गेली. देशकरांनी साक्षीत सांगितलं की आपण रांग काढून टाकायला सांगितली होती, बाईंनी ऐकलं नाही. ते खोटं नव्हतं. कल्याणी निलंबित झाली, आणि टेकामच्या मृत्यूची जबाबदारी कागदावर तिच्या नावापुढे लिहिली गेली.

निकालाच्या दिवशी ती बसस्टँडवर आली तेव्हा बाकावर देवाजी निमगडे बसलेला दिसला. पिशवी, डबा, डोक्याला मफलर. तिनं ओळखलं. त्यानंही ओळखलं, आणि तोंड फिरवलं.

ती तरीही जवळ गेली. "तब्येत कशी आहे?"

"कशी असेल? हात थरथरते. खाणीनं काढून टाकलं, शेडमधल्या सगळ्यायले. म्हणे तुमी लोक बदनामी करता." त्यानं मफलर सोडून पुन्हा आवळला. "वाचवलं म्हणून पाया पडू का तुमच्या?"

"नको."

"नाहीच पडणार."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"काम मिळालं कुठं?" तिनं विचारलं.

"मिळालं. दुसरी खाण. याच्यापेक्षा खोल."

"पट्टी देतात?"

देवाजी हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "देते न. पण आमच्या दंडाले नाही. ऑफिसातली पोरं बसते एसीत, एकेकाच्या दंडाले चार-चार पट्ट्या. दिवसभर हिरव्या. तुमच्या केसनंतर सगळे हुशार झाले, बाई. आता निरोपच निघत नाही. पोचीचा प्रश्नच नाही."

चौकशीच्या हॉलमध्ये जे झालं त्यापेक्षा हे कल्याणीला जास्त लागलं. तिला वाटलं होतं, निदान सोंग तरी उघडं पडलं.

"कुठली खाण?"

"नाव सांगितलं तर हेही काम जाईल."

"माझ्याकडं आता कुठलंच पद नाही. मी काही करू शकत नाही."

"मग कशाले विचारता?"

"बघायला यायचंय मला," ती म्हणाली. "पडद्यावर नाही. तिथं येऊन."

"आणि बघून काय करणार?"

"ते बघितल्यावर कळेल."

देवाजीनं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या नजरेत ना आभार होते ना विश्वास. फलाटावर त्या खाणीकडची बस लागली. तो उठला, पिशवी खांद्याला मारली, गर्दीत घुसून चढला आणि पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून खिडकीजवळ बसला. ती खाली उभी राहिली. इंजिन सुरू झालं. तेव्हा त्यानं ती पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीतून खाली बघत, रागानंच, म्हणाला:

"तिकीट तुमचं तुमी काढा."